मदत मागणाऱ्याच्या हातातला फोन पाहून साधने निवडावीत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की नालेसफाई किती टक्के झाली, मिठी नदीतला गाळ किती उपसला, रेल्वेमार्गालगत पंप कुठे बसवले, याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात नियमाने येतात आणि त्या यायलाच हव्यात. परंतु पाणी भरल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत शेजारी शेजाऱ्याला जी मदत करतो, तिची तयारी कोणी आणि कशी करायची, याविषयी फारसे लिहिले जात नाही. ही मदत आता बहुतांशी मोबाइलवरून जुळवली जाते आणि ती कोणत्या साधनावरून जुळवायची, हे आपण दर वेळी संकट दारात आल्यावर, जो ग्रुप हाताशी असेल त्यावरून ठरवतो. कुर्ला पूर्वेच्या नेहरूनगर परिसरात टाळेबंदीपासून चालत आलेल्या एका लहान मदतगटात मी काम करते. त्या कामातून आणि इतर शहरांत झालेल्या प्रयत्नांविषयी जे वाचले त्यातून माझे ठाम मत झाले आहे की, ही निवड पावसाळा सुरू होण्याआधी, शांत डोक्याने आणि मदत मागणाऱ्याची सोय पाहून केली पाहिजे. सध्या ती मदत करणाऱ्यांची सोय पाहून होते आणि त्याची किंमत सर्वांत गरजू घरे मोजतात.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा उपनगरांतील वीज गेली, मोबाइल सेवा कोलमडली आणि लोकांनी एकमेकांना सावरले ते हाकेच्या अंतरावरून. बारा वर्षांनी, 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात चित्र पालटले होते. रस्त्यात अडकलेल्यांना रात्रीपुरता आसरा देऊ इच्छिणाऱ्यांच्या याद्या ऑनलाइन तक्त्यांवर तयार झाल्या आणि समाजमाध्यमांवरून शहरभर पसरल्या. गणेशोत्सवाचे दिवस असल्यामुळे अनेक मंडळांचे कार्यकर्ते मंडपातच होते, गुरुद्वारांनी दारे उघडली होती आणि कोणत्या भागात कुठे जेवण मिळेल हे घरबसल्या कळत होते. त्या याद्यांनी पुष्कळांना आधार दिला. पण यजमानांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक कोणालाही दिसतील अशा रीतीने त्या खुल्या होत्या आणि पाऊस ओसरल्यावर त्यांचे काय करायचे, याचा विचार कोणाच्या मनात आला नव्हता. घाईत उभारलेल्या कामाकडून तशी अपेक्षा करणेही योग्य नाही. मात्र त्यानंतर आलेल्या संकटात तीच उणीव फार महाग पडली.

एप्रिल आणि मे 2021 मधील कोविडच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूचे सिलिंडर, रेमडेसिविर, प्लाझ्मा आणि रुग्णालयातील खाटा यांच्या शोधात हजारो क्रमांक ट्विटर, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून फिरत होते. सर्वोच्च न्यायालयाला 30 एप्रिल 2021 रोजी स्पष्ट सांगावे लागले की, समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई झाल्यास तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल. त्या दिवसांत या साधनांनी जीव वाचवले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही फोन फिरवत बसलेल्या कोणालाही विचारा, यादीतले बहुतेक क्रमांक लागत नसत, लागले तर साठा केव्हाच संपलेला असे आणि पलीकडचा माणूस दिवसभर तेच उत्तर देऊन थकलेला असे. पुढे पाठवलेल्या संदेशाबरोबर तो मुळात कोणी आणि केव्हा लिहिला हे जात नाही. मंगळवारी सकाळी खरी असलेली माहिती शुक्रवारी रात्रीही तितक्याच तातडीच्या भाषेत समोर येत राहते. काही शहाण्या स्वयंसेवकांनी मग प्रत्येक क्रमांकापुढे तो शेवटचा कधी तपासला, ती वेळ लिहायला सुरुवात केली. माझ्या मते त्या संपूर्ण काळात सुचलेली सर्वांत उपयोगी सुधारणा तीच होती आणि तिच्यासाठी कोणतेही नवे ॲप लागले नव्हते.

त्याच काळात नातेवाइकांसाठी प्लाझ्मा मागताना आपला क्रमांक जाहीर करणाऱ्या महिलांना अश्लील फोन आल्याच्या तक्रारी पुढे आल्या. आगाऊ पैसे घेऊन सिलिंडर न देणारे भामटे याच याद्यांतून गिऱ्हाईक शोधत होते. बाधितांची नावे आणि खोली क्रमांक इमारतीच्या ग्रुपवर फिरल्यामुळे घरकाम करणाऱ्या बायकांची कामे सुटली. ज्यांनी ती नावे टाकली त्यांचा हेतू वाईट नव्हता. शेजाऱ्यांनी काळजी घ्यावी, एवढेच त्यांना वाटत होते. पण शेकडो माणसे असलेल्या ग्रुपवर टाकलेले नाव परत घेता येत नाही.

म्हणून साधनांची चर्चा मी ॲपच्या नावांपासून सुरू करू इच्छित नाही. आधी घर पाहावे लागते. आमच्या वस्तीतील बहुतेक कुटुंबांकडे स्मार्टफोन आहे हे खरे, पण दिवसा तो घरात असतो का, हे कोणी विचारत नाही. दोन खोल्यांच्या घरात एकच चांगला फोन असेल, तर तो कमावत्या माणसाबरोबर सकाळी बाहेर पडतो. भरतीच्या वेळी दुपारी गल्लीत पाणी चढू लागते, तेव्हा घरात वृद्ध सासू, सून आणि मुले असतात. त्यांच्याजवळ असलाच तर बटणांचा साधा फोन असतो आणि त्याचे रिचार्ज पुष्कळदा संपलेले असते. मुदत संपली की फोन करता येत नाही. काही दिवस येणारे फोन मात्र सुरू राहतात. टाळेबंदीच्या सुरुवातीला रिचार्जची दुकाने बंद झाली, तेव्हा मोबाइल कंपन्यांनी कमी उत्पन्न असलेल्या ग्राहकांची मुदत वाढवून दिली होती, ती या अडचणीची दखल घेऊनच. अशा घरासाठी ऑनलाइन अर्जाची लिंक म्हणजे बंद दार आहे. अर्ज इंग्रजीत असेल, तर ज्या घरी स्मार्टफोन आहे तिथल्याही अनेकांना ते दार बंदच राहते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, मदत मागण्याची जागा म्हणजे एक साधा दूरध्वनी क्रमांक असावा, तो वर्षभर तोच राहावा आणि चाळीच्या जिन्यात, रेशन दुकानावर, दवाखान्यात, बालवाडीच्या दारावर मराठी, हिंदी आणि उर्दूत मोठ्या अक्षरांत लावलेला असावा. तो क्रमांक कोणा एका कार्यकर्त्याचा खाजगी असू नये. एक स्वतंत्र सिमकार्ड घेऊन ते बटणांच्या फोनमध्ये घालावे आणि तो फोन पाळीप्रमाणे हातोहात द्यावा. त्याची बॅटरी स्मार्टफोनपेक्षा कितीतरी अधिक टिकते, हा आणखी एक फायदा. दुसरी गोष्ट अशी की, फोन येण्याची वाट न पाहता मदतगटानेच काही घरांना फोन करावेत. एकटे राहणारे वृद्ध, डायलिसिसवर असलेले रुग्ण, दिवस भरत आलेल्या स्त्रिया, इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे लागणारी घरे यांची यादी त्यांच्या संमतीने आधीच केलेली असेल, तर मुसळधार पावसाच्या इशाऱ्यानंतर दोन-तीन जण मिळून सर्वांची विचारपूस तासाभरात करू शकतात. आमच्या भागात प्रत्यक्ष उपयोगी पडलेल्या गोष्टींपैकी ही सर्वांत वरची आहे. संकोची माणसे मदत मागत नाहीत. विचारले तर सांगतात.

हा मार्ग केवळ आमच्यासारख्या वस्तीपुरता आहे, असेही नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील बेड-स्टाय येथे मार्च 2020 मध्ये शेजाऱ्यांनी उभारलेल्या मदतगटाने आतल्या कामासाठी स्लॅक (आपसांतल्या संदेशांसाठी) आणि एअरटेबल (नोंदींच्या तक्त्यांसाठी) यांसारखी आधुनिक साधने वापरली, पण मदत मागणाऱ्यापुढे ठेवला तो एक दूरध्वनी क्रमांकच. केनियात डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, तेव्हा तिथल्या तरुणांनी उशाहिदी नावाची व्यवस्था तयार करून घटनांचा नकाशा बनवला. इंटरनेट थोड्यांकडे आणि मोबाइल पुष्कळांकडे, ही तिथली स्थिती ओळखून त्यांनी साध्या एसएमएसने आलेली माहितीही स्वीकारली होती. दोन्ही ठिकाणी अवघड यंत्रणा मदत करणाऱ्यांनी आपल्याकडे ठेवली आणि मागणाऱ्याला सोपे ते दिले.

आता नोंदीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण बहुतेक गट इथे ढेपाळतात. फोनवर आलेली प्रत्येक मागणी एकाच ठिकाणी लिहिली गेली पाहिजे, मग ते ठिकाण गूगल शीट असो वा शंभर पानी वही. केरळमध्ये ऑगस्ट 2018 च्या महापुरात राज्याच्या आयटी मिशनने आणि स्वयंसेवी तंत्रज्ञांनी मिळून केरळ रेस्क्यू हे संकेतस्थळ अत्यंत वेगाने उभे केले आणि त्यावर जगभरातून मागण्या नोंदल्या गेल्या. तिथे एकाच घरासाठी परदेशातील मुलगा, दुसऱ्या गावातील बहीण आणि शेजारी अशा तिघांनी वेगवेगळ्या नोंदी कराव्यात आणि सुटका झाल्यानंतरही ती नोंद उघडीच राहावी, अशी अडचण आली. त्यामुळे प्रत्येक नोंद फोन करून पडताळणाऱ्या स्वयंसेवकांची मोठी फळी लागली. आपल्याकडेही हेच होते. एकाच खोलीसाठी तीन नातेवाईक तीन नावांनी फोन करतात आणि तीन जण तिथे शिधा घेऊन पोहोचतात, तर शेजारच्या खोलीत कोणीच जात नाही. यासाठी नोंद माणसाच्या नावाने न करता इमारत आणि खोली क्रमांकाने करावी. मग दुसरा फोन आला की तीच खोली यादीत आधीच आहे हे लगेच दिसते.

रकाने थोडे असावेत: मागणी आली ती वेळ, इमारत व खोली, काय हवे, कोणी जबाबदारी घेतली आणि काम केव्हा पूर्ण झाले. आजाराचे नाव, धर्म, रेशनकार्डाचा रंग, आधार क्रमांक यांची मदतीसाठी गरज नसते. जे लिहिलेच नाही, ते फुटण्याची भीती राहत नाही. शेवटचे दोन रकाने भरण्याची शिस्त मात्र सैल पडू देऊ नये. कोणी तरी गेले असेल, या समजुतीवर रात्रभर पडून राहिलेल्या मागण्या मी पाहिल्या आहेत, आणि तिथे माणसे कमी नव्हती. जबाबदारी कोणाच्या नावावर लिहिलेली नव्हती, एवढेच कारण होते.

गूगल शीट वापरायचे असेल, तर काही सावधगिरी आवश्यक आहे. लिंक असलेल्या कोणालाही बदल करता येईल असे ठेवले की ती लिंक कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर जातेच. मोबाइलच्या लहान पडद्यावर चुकून एखादी ओळ पुसली जाते. सर्वांत घातक म्हणजे एकच रकाना क्रमाने लावला जाऊन पत्ते एका घराचे आणि मागण्या दुसऱ्या घराच्या, अशी सरमिसळ होणे. जुनी आवृत्ती परत आणता येते, पण धावपळीत ते कोणाला आठवत नाही. म्हणून लिहिण्याचा अधिकार दोघा-तिघांना असावा, शक्य तर संगणकासमोर बसलेल्यांना, आणि बाहेर फिरणाऱ्यांनी त्यांना काम झाल्याचे कळवावे. घरी थांबावे लागणाऱ्या अनेक स्त्रिया आणि वयस्कर मंडळी हे काम उत्तम करतात, असा माझा अनुभव आहे. पाण्यात उतरून पाकिटे वाटणाऱ्यांची छायाचित्रे निघतात. नोंदीला बसलेल्यांची निघत नाहीत, पण गट टिकतो तो त्यांच्यामुळे.

व्हॉट्सॲपवाचून आपले चालणार नाही, हे मी मान्य करते. ते सर्वांकडे आहे, मराठीत लिहिता येते, लिहिता न येणाऱ्याला आवाज पाठवता येतो. परंतु त्यावर यादी चालवू नये. दोनशे संदेशांखाली गेलेली मागणी कोणी वर आणत नाही आणि सुप्रभाताच्या फुलांमध्ये ‘पाणी घरात शिरले’ हा संदेश बुडून जातो. ग्रुपमधील प्रत्येकाला इतरांचे क्रमांक दिसतात, ही गोष्ट तरुण मुलींनी आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांनी मदतीला पुढे यावे असे वाटत असेल, तर दुर्लक्षिण्याजोगी नाही. माझी सूचना अशी की, दोन ग्रुप असावेत. एक फक्त ग्रुपच्या प्रशासकांनाच (ॲडमिन) लिहिता येईल असा, ज्यावर पालिकेची कोणती शाळा निवाऱ्यासाठी उघडली, पिण्याचे पाणी कुठे मिळेल, कोणता रस्ता बंद आहे, एवढेच यावे आणि प्रत्येक संदेशात तारीख व वेळ लिहिलेली असावी. मिठीकाठच्या क्रांतीनगरमधील कुटुंबांना पाणीपातळी वाढली की पालिकेच्या शाळेत हलवावे लागते. अशा वेळी कोणती शाळा, एवढी एक नेमकी ओळ शंभर काळजीच्या संदेशांपेक्षा मोलाची असते. दुसरा ग्रुप प्रत्यक्ष काम करणाऱ्या पंधरा-वीस जणांचा असावा. आवाजी संदेश आला, तर तो ऐकून नोंदीत उतरवण्याचे काम एकाकडे नेमून द्यावे, नाही तर तो प्रत्येक जण नंतर ऐकू म्हणून ठेवतो.

व्हॉट्सॲपऐवजी सिग्नल हे संदेशांचे ॲप वापरावे की टेलिग्राम, असा प्रश्न आमच्या गटातील तरुण मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे. सिग्नलवर 2024 पासून आपला क्रमांक न दाखवता वापरकर्तानावाने बोलता येते आणि संदेश गुप्त राहतात. काम करणाऱ्यांचा लहान ग्रुप तिथे नेण्यास हरकत नाही, पण तो नोव्हेंबरमध्ये न्यावा, जुलैमध्ये नेऊ नये. टेलिग्रामवर मोठी वाहिनी चालवता येते आणि नव्या सदस्याला मागचे संदेश वाचता येतात, हे शहरभराच्या माहितीसाठी सोयीचे आहे. मात्र तिथले ग्रुपवरील संदेश व्हॉट्सॲप किंवा सिग्नलसारखे टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद, म्हणजे पाठवणारा आणि घेणारे यांच्याखेरीज कोणालाही वाचता न येणारे, नसतात, हे ठाऊक असावे. वस्तीसाठी खास ॲप तयार करून देतो, असे सांगणारेही भेटतात. त्यांच्या तळमळीचा आदर राखून सांगावेसे वाटते की, भरलेल्या स्मृतीच्या जुन्या फोनमध्ये नवे ॲप उतरवणे आणि त्याचा पासवर्ड लक्षात ठेवणे, हे संकटात सापडलेल्या माणसाकडून मागू नये. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत तयार झालेली सहाना ही आपत्तीतील मदतकार्य सांभाळणारी मुक्त संगणकप्रणाली फार मोलाची आहे, परंतु तिचा आवाका संस्था आणि सरकारी यंत्रणांचा आहे. काही गल्ल्यांच्या मदतगटाला तेवढ्याची गरज नसते.

एक गोष्ट सहसा बोलली जात नाही, ती म्हणजे किल्ल्या कोणाकडे. शीट, फॉर्म, ग्रुप हे सारे कोणाच्या तरी खाजगी खात्यावर उघडलेले असते. दुसऱ्या लाटेत आमच्या शेजारच्या एका गटातील ज्या तरुणाच्या खात्यावर यादी होती, तोच रुग्णालयात दाखल झाला. त्याचे खाते दुसऱ्या संगणकावर उघडायचे तर ओटीपी त्याच्याच फोनवर जाणार आणि तो फोन त्याच्या उशाशी. कितीतरी तास काम अडले. प्रत्येक खात्याला किमान दोन मालक असावेत, ते एकाच घरातले नसावेत आणि कोण प्रशासक आहे हे सर्वांना माहीत असावे. निवडणुका जवळ आल्या की हेच ग्रुप प्रचारासाठी मागितले जातात, हेही मुंबईकरांना नवीन नाही. मदतीसाठी घेतलेले क्रमांक दुसऱ्या कशासाठीही वापरले जाणार नाहीत, हे गटाने लेखी ठरवून ठेवलेले असले की नाही म्हणणे सोपे जाते.

वीज आणि नेटवर्क गेले तर काय, याचे उत्तर कोणत्याही ऑनलाइन साधनाच्या निवडीत धरलेले असले पाहिजे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबईच्या मोठ्या भागातील वीज गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या; तेव्हा पाणी भरलेले नव्हते म्हणून निभावले. मोबाइल मनोऱ्यांवरील बॅटऱ्या काही तासच पुरतात. नेट बंद पडले तरी साधा फोन आणि एसएमएस अनेकदा चालतात, म्हणून गल्लीप्रमुखांचे क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाजवळ असावेत. शीटची छापील प्रत पावसाच्या इशाऱ्याच्या आदल्या संध्याकाळी काढून ठेवावी, आणि वीज गेल्यावर वहीत लिहिलेल्या नोंदी नंतर शीटमध्ये कोण उतरवणार, हेही ठरवावे. ब्लूटूथवरून इंटरनेटशिवाय संदेश पाठवणारी ब्रायरसारखी ॲप आहेत, पण ती आधीपासून दोन्ही फोनवर असावी लागतात आणि त्यांचा पल्ला लहान असतो. मशिदीचा, बुद्धविहाराचा आणि गणेश मंडळाचा ध्वनिक्षेपक त्याहून दूर ऐकू जातो. मात्र तोही विजेवर चालतो, तेव्हा बॅटरीवरचा एखादा भोंगा आणि गल्लोगल्ली फिरून सांगणारी दोन मुले यांची सोय यादीत असावी.

पैशाविषयी थोडक्यात. कार्यकर्त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर वर्गणी जमा केली की आज ना उद्या संशय येतो, मग तो कितीही निराधार असो. देणाऱ्याने थेट किराणा दुकानदाराला किंवा औषधाच्या दुकानाला पैसे द्यावेत आणि दुकानदाराने चिठ्ठीवर माल द्यावा, ही आमच्याकडील पद्धत मला सर्वांत स्वच्छ वाटते. मोठी रक्कम असेल, तर नोंदणीकृत मंडळाच्या किंवा संस्थेच्या खात्यावर घ्यावी आणि जमाखर्च फलकावर लावावा.

यादी पुसण्याचा दिवसही आधी ठरवावा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम 2023 मध्ये संसदेने हे तत्त्व स्वीकारले आहे की, ज्या कारणासाठी माहिती घेतली ते संपले की ती पुसली जावी. कायद्याच्या कलमांची वाट न पाहता शेजाऱ्यांनी एकमेकांशी तेवढे सौजन्य राखावे. मदत घेतलेल्या घराचा उल्लेख चार वर्षांनी कोणाच्या फोनमध्ये सापडावा, हे मला त्या घराचा अपमान करण्यासारखे वाटते. संकट निवळल्यावर महिन्याच्या आत नावे आणि खोली क्रमांक काढून टाकावेत; कोणत्या गल्लीत कोणत्या वस्तूंची किती मागणी आली, एवढा आकड्यांचा गोषवारा पुढच्या वर्षासाठी ठेवला तरी पुरे.

बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे माझी एक विनंती आहे. जून 2020 पासून पालिकेने कोविड रुग्णांना खाटांच्या वाटपासाठी प्रत्येक विभागात वॉर रूम, म्हणजे नियंत्रण कक्ष, सुरू केल्या आणि त्यांचे क्रमांक जाहीर केले, तेव्हा नागरिकांच्या याद्यांना प्रथमच एक निश्चित टोक मिळाले. पुढे कोणाला कळवायचे, हे कळू लागले. तो अनुभव पावसाळ्यासाठी उपयोगात आणावा. 1916 हा आपत्कालीन क्रमांक शहरभरासाठी आहे आणि मोठ्या पावसात त्यावर ताण येणे स्वाभाविक आहे. प्रत्येक विभाग कार्यालयाने मे महिन्यातच आपल्या हद्दीतील मदतगटांची एक बैठक घ्यावी, कोणती शाळा निवारा म्हणून उघडेल आणि तिची किल्ली कोणाकडे आहे हे सांगावे आणि गटांच्या पडताळलेल्या मागण्या स्वीकारणारा एक अधिकारी व त्याचा क्रमांक नेमून द्यावा. गटांनीही रुग्णवाहिकेच्या 108 आणि तातडीच्या मदतीच्या 112 वर करायचे फोन आपल्याकडे अडवून ठेवू नयेत. छातीत दुखणाऱ्या माणसाची नोंद शीटमध्ये करण्यात एक मिनिटही जाता कामा नये.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. जून सुरू होण्याआधीच्या एखाद्या रविवारी पाव पानाची एक कोरी चौकट छापावी, जी कापून चाळीच्या फलकावर लावता येईल: मदतगटाचा क्रमांक, गल्लीप्रमुखाचे नाव, जवळच्या निवाऱ्याची शाळा, विभाग कार्यालयाचा क्रमांक, आणि खाली 1916, 112, 108 व अग्निशमन दलाचा 101. पहिल्या चार जागा प्रत्येक वस्तीने स्वतः भराव्यात. जिथे त्या भरता येणार नाहीत, तिथे अजून कोणते काम बाकी आहे हे तिथल्या रहिवाशांना पावसाआधीच दिसेल आणि ते करायला हाताशी थोडे दिवसही असतील.

आपली नम्र,
एक वाचक
नेहरूनगर, कुर्ला (पूर्व), मुंबई